वरचं बोटभर: साक्रीकडच्या एका धरणातून पाणबुड्यानं काढलेला गाळ

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या एका मध्यम प्रकल्पाचं हे प्रकरण. धरणाचं नाव मुद्दाम देत नाही. नमुने मोजकेच आहेत आणि तेवढ्यावरून त्या धरणाची बातमी व्हावी अशी इच्छा नाही. पाणी दोघं वापरतात. खालच्या शेतीला कालव्यातून आवर्तनं सुटतात आणि आसपासच्या काही गावांची नळयोजना त्याच जलाशयातून पाणी उचलते. गाळाबद्दल बोलायचं दोघांनाही होतं, पण दोघांचं बोलणं एकमेकांच्या जवळही जात नव्हतं.

शेतकऱ्यांना गाळ हवा होता. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये आली, त्यानंतर उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या काठावरून ट्रॅक्टर भरभरून गाळ शेतात गेला. आता काठावरचा सोपा गाळ संपत आलाय. मधला, पाण्याखालचा गाळ उचलण्यासारखा आहे का, हा त्यांचा प्रश्न. नळयोजनेवाल्यांचं दुखणं निराळं: एप्रिल उजाडला की पाण्याला मातकट, कुबट वास येतो, वर हिरवी साय धरते आणि तुरटी-ब्लीचिंग कितीही टाकलं तरी गावात ओरड होतेच.

काम संपल्यावर माझं मत असं झालं की शेतकऱ्यांच्या प्रश्नासाठी पाणबुड्या लागतच नव्हता. मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर टिकाव-फावडं घेऊन गेलं असतं तरी नव्वद टक्के उत्तर मिळालं असतं. नळयोजनेच्या प्रश्नाला मात्र पाणबुड्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तोही गाळाच्या फक्त वरच्या बोटभर थरासाठी. खर्च, परवानग्या, मालवणहून आलेली माणसं, सगळं त्या बोटभर थरापायी.

त्या बोटभर थरात आहे काय

आपली माती दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेली. तिच्यात लोह भरपूर. पाण्यात प्राणवायू असतो तोवर गाळाच्या पृष्ठभागावर हे लोह गंजाच्या रूपात राहतं आणि शेतातून वाहून आलेलं फॉस्फरस धरून ठेवतं. डोळ्यांना तो काही मिलिमीटर जाडीचा तपकिरी थर दिसतो. त्याच्याखाली गाळ लगेच काळा. तळाशी प्राणवायू संपला की गंज विरघळतो, धरून ठेवलेलं फॉस्फरस पाण्यात मोकळं होतं, आणि त्यावर नीलहरित शेवाळ पोसतं. पाण्याला मातीचा वास देणारं जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करणाऱ्यांत हे शेवाळ असतं. म्हणजे वासाचं मूळ तळाशी आहे की नुसतं वरून येणाऱ्या पाण्यात, हे ठरवायचं तर तो तपकिरी थर जागेवर आहे का, किती जाड आहे आणि उन्हाळ्यात त्याचं काय होतं, हे पाहावं लागतं.

आणि हा थर घट्ट नसतो. नुसता हात हलवला तरी उडतो. होडीतून सोडायची जबड्याची बादली तळावर आपटते, मिटते आणि वर येताना फटीतून नेमका हाच थर गळून जातो. वजनानं खाली सोडायची नळी थोडी बरी, पण ती तळाशी पोचण्याआधी तिच्यापुढे ढकललं गेलेलं पाणीच वरचा थर उडवून लावतं. शिवाय आपल्याकडच्या धरणांचा एक खास त्रास आहे. दुष्काळी वर्षी तळाचा मोठा भाग उघडा पडतो, उन्हात तडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात त्या कडक पापुद्र्यावर नवा गाळ बसतो. वजनाची नळी त्या पापुद्र्याला अडकून थांबते.

समुद्रकिनारी हे काम करणारे म्हणूनच पारदर्शक ॲक्रिलिक नळी हातात घेऊन खाली जातात. सहा-सात सेंटिमीटर व्यासाची, हातभर लांब, खालच्या कडेला धार लावलेली. नळी हळू दाबायची, वरून रबरी बूच लावायचं, मग बाजूनं हात घालून खालून दुसरं बूच. वाळूच्या तळात खालचं बूच पाण्याखालीच लावलं नाही तर वर येईपर्यंत नळी रिकामी होते. आपला चिकट गाळ वरच्या बुचाच्या ओढीवर टिकतो, तरीही खालचं बूच लावलेलं बरं.

किनाऱ्यावरची सवय आणि साक्रीचं पाणी

मालवणहून दोघं आले, एक पाण्यात उतरणारा, दुसरा तयारीत थांबणारा. दोघंही समुद्रात मुरलेले. पण गोड्या पाण्यात आणि सह्याद्रीच्या या अंगाला तीन गोष्टी बदलतात आणि त्या कागदावरच सोडवून घ्याव्या लागल्या.

पहिली वजनाची. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो धरले तर कमरेला लावायचं शिसं अडीच किलोनं कमी करायला हवं. समुद्राच्या सवयीचं शिसं लावून इथं उतरणारा गाळात गुडघाभर रुतणार आणि ज्या थरासाठी आला तोच उधळून टाकणार. काठाजवळच्या उथळ पाण्यात आम्ही आधी वजन जुळवून घेतलं. तेव्हा त्यानं तळाला हात लावून पाहिला आणि वर येऊन म्हणाला, "ह्यो चिखल नाय, पेज आसा!" त्याच्या बोलण्यात कौतुक होतं की वैताग, कळलं नाही.

दुसरी उंचीची. किती खोलीवर किती वेळ राहून कसं वर यायचं हे सांगणारी डुबकीची नेहमीची कोष्टकं समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरपर्यंत चालतात. साक्रीचा परिसर पाचशे मीटरच्या आसपास. हवेचा दाब इथं मुळातच थोडा कमी, त्यामुळे तेवढ्याच खोलीवरून वर येणं शरीराला समुद्रातल्यापेक्षा जड जातं. पाणी आठ मीटर, वेळ थोडा, म्हणजे धोका लहानच होता, तरी उंचीची कोष्टकं वापरली आणि डुबकीनंतर लगेच आणखी उंच जायला नको म्हणून त्याच दिवशी इगतपुरीच्या घाटाकडे गाडी काढायची नाही असं ठरवलं. दाबकक्ष, म्हणजे वर येताना त्रास झालेल्या पाणबुड्याला उपचारासाठी ठेवायची दाबाची खोली, हाताशी नसताना हिशेब आखडता ठेवलेलाच बरा.

तिसरी हवेची. सिलिंडर किनाऱ्यावरूनच भरून आणले होते. धुळ्यात एका ओळखीच्यानं वर्कशॉपच्या काँप्रेसरवर भरून द्यायची तयारी दाखवली, अगदी मनापासून. पण तसल्या काँप्रेसरमधून तेलाची वाफ येते, कधी कार्बन मोनॉक्साइडही. श्वासाची हवा भरणारं यंत्र आणि त्याच्या गाळण्या वेगळ्या असतात. त्याला वाईट वाटलं. चहा पाजून निरोप दिला.

कालव्याचं दार आणि बुडालेली विहीर

धरणात डुबकी मारणाऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सुरू असलेलं दार. पलीकडची बाजू मोकळी असेल तर अर्धा मीटर बाय अर्धा मीटरच्या तोंडावर आठ मीटर पाण्याचा भार दोन टनांच्या आसपास होतो. तिथं हात किंवा पाय ओढला गेला तर दोघा-चौघांनी दोरी ओढून काही होत नाही, आणि ओढ आहे हे जवळ गेल्याशिवाय कळतही नाही. म्हणून परवानगीच्या अर्जात आम्ही आवर्तन बंद असलेला काळ मागितला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या दिवशी कालव्याच्या दाराला आमचं कुलूप लागलं आणि किल्ली होडीत आमच्याकडे राहिली. शाखा अभियंत्यांना आधी हे जास्तच वाटलं. चौकीदाराला मात्र लगेच पटलं. दार कधी कोण उघडायला येतं, हे त्याला माहीत होतं. नळयोजनेचा पंपही त्या वेळेपुरता बंद ठेवला, आणि उतरायच्या जागा दोन्ही तोंडांपासून लांब आखल्या.

दुसरा शत्रू कागदावर नव्हता. धरणाखाली गेलेली जमीन म्हणजे कुणाची तरी वावरं होती. त्यात बांध आहेत, बाभळीचे बुंधे आहेत आणि विहिरी आहेत. नकाशावर दोनच दिसत होत्या. मच्छीमार संस्थेचे एक आप्पा होडी वल्हवायला होते. ते मध्येच वल्हं थांबवून एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला देवळाचा कळस अशी रेघ जुळवायचे. तिसऱ्या जागेपाशी पोचलो तेव्हा म्हणाले, "आठे हीर शे, भो. जपीसन उतरजो."

आम्ही दोरीला दगड बांधून सोडला. आजूबाजूला तळ आठ मीटरवर लागत होता, तिथं दोरी बारा मीटरच्या पुढे जाऊन मऊ गाळात थांबली. विहीर निम्मी भरलेली होती. अंधारात तळालगत सरकणारा पाणबुड्या अशा तोंडावर आला की खाली काय आहे हे कळायच्या आत दोन-चार मीटर उतरून जातो. त्यात मच्छीमारांची नायलॉनची तुटकी जाळी नेमकी अशाच काठांना अडकलेली असतात. जागा पन्नास पावलं सरकवली. विहिरीतला गाळ तसाही आमच्या कामाचा नव्हता, कारण विहीर आजूबाजूचा गाळ ओढून घेते आणि तिच्यातला थर सगळ्या तळाबद्दल काही सांगत नाही.

खाली

समुद्रात नमुना घेणारा प्रवाहाकडे तोंड करून काम करतो. गाळ उडाला तरी पाण्याबरोबर मागे निघून जातो आणि थोड्या वेळानं समोरचं पुन्हा दिसतं. धरणात प्रवाह नाही. एकदा उडालेला गाळ तिथंच लोंबकळत राहतो, तासभर तरी. म्हणजे एका जागी एकच संधी. हातून निसटली की चार-पाच मीटर पलीकडे जायचं, त्याच ठिकाणी पुन्हा प्रयत्न नाही. किनाऱ्यावरच्या सवयीतली ही एकच गोष्ट सोडून द्यायला आमच्या डायव्हरला खरा वेळ लागला.

उतरायची दोरी तळाला टेकवली तर तिचं वजनच पहिला ढग उठवतं. म्हणून वजन तळापासून एक मीटर वर लोंबतं ठेवलं. तो त्या वजनापर्यंत उतरायचा, तिथं थांबून श्वासाच्या जोरावर तरंगणं जुळवायचा, मग डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत हात लांब करून नळी तळावर टेकवायचा. पायातले पंख वरच राहतील याची काळजी घ्यायची, कारण त्यांचा एक फटकारा खालचं सगळं धुऊन काढतो. उजेड सहा मीटरवरच संपला होता. डोक्यावरचा दिवा लावला तर समोर तपकिरी धुकं चमकायचं, म्हणून पुढे तो दिवा बंद ठेवूनच काम करू लागला. सगळं हातानं: नळीच्या कडेला अंगठा, वरून बूच, मग गाळात हात घालून खालचं बूच.

नळी दाबताना घाई केली की आतला गाळ दबतो. बाहेरून नळी तीस सेंटिमीटर गेलेली आणि आत गाळ पंचवीसच, असं सहज होतं. ही तूट प्रत्येक नळीवर नोंदवली, नाहीतर पुढे कुठला थर किती खोलीवरचा हे सांगणंच चुकतं. जुन्या दुष्काळाचा कडक पापुद्रा लागला की त्यानं नळी गोल फिरवत दाबायची. तो भेदला गेला की हाताला एकदम मोकळं लागतं असं तो सांगायचा.

होडीत दोरी धरणारा एक माणूस दुसरं काहीच करत नव्हता. ठरलेल्या ओढींची भाषा, उत्तर आलं नाही तर तयारीतला दुसरा पाण्यात. तो दुसरा पूर्ण सामान चढवून उन्हात बसलेला असायचा, आणि त्याच्या तोंडावरचा कंटाळा हीच आमची सुरक्षितता होती.

एक अडचण मात्र गोड्या पाण्याचीच आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, त्यामुळे गाळातले जिवाणू आधी ते वापरतात आणि सडक्या अंड्याचा वास येतो. मिथेन तयार होतो तो बराच खाली. गोड्या पाण्यात सल्फेट थोडं, म्हणून मिथेन गाळाच्या वरच्याच थरांत साठतो. नळी आठ मीटरवरून वर आणताना दाब उतरतो आणि आतले बुडबुडे पावणेदोन पटींहून मोठे होतात. पहिल्या नळीत हे डोळ्यांदेखत झालं: पृष्ठभागाजवळ येताच गाळाला भेगा पडल्या, बुडबुडे वर सरकले आणि तपकिरी थर फाटला. मग वरच्या बुचात जाड सुई खुपसून ठेवली, नळ्या सावकाश वर आणायला लावल्या, आणि जिथं गॅस जास्त तिथल्या नळ्या वरच्या थरासाठी वापरल्याच नाहीत. नळीत गाळाच्या वर नितळ पाणी आणि त्यात सरळ, अखंड तपकिरी रेघ दिसली तरच नमुना घ्यायचा, नाहीतर तिथंच पाण्यात ओतायचा. डायव्हरच्या डोळ्यांसमोर ओतताना जिवावर येतं, पण खराब नमुना घरी नेला की प्रयोगशाळेत कुणीतरी त्याचाही आकडा काढतंच.

काठावर

नळ्या धुळ्यापर्यंत नेण्याचा विचार सोडून दिला. रस्त्याच्या हादऱ्यात वरचा थर टिकणार नव्हता. काठावरच्या बाभळीखाली ताडपत्री बांधून तिथंच कापणी केली. खालून दट्ट्या सरकवायचा, गाळ एक सेंटिमीटर वर आला की कापायचा, पिशवीत, चिठ्ठी, बर्फाच्या पेटीत. पेटी मच्छीमार संस्थेची, मासळीच्या वासासकट. कापायला आणलेल्या ॲक्रिलिकच्या पट्ट्यांना गाळ चिकटत होता. बाजारातून आणलेलं स्टीलचं पातळ उलथनं त्याहून चांगलं चाललं.

भिंतीजवळच्या एका नळीत तळाशी पांढरे चुनखडीचे खडे आणि मुळांचे धागे निघाले. बघायला आलेल्यांपैकी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तो तुकडा बोटांत चुरला आणि म्हणाला, "हाई तं वावरनी माती शे." बरोबर होतं. धरण भरण्याआधीची नांगरट जमीन आम्हाला लागली होती. वयमापनासाठी अनेक ठिकाणी १९६३ च्या आसपासच्या अणुचाचण्यांतून पडलेला किरणोत्सारी सीझियम गाळात शोधतात. हे धरण त्यानंतरचं असल्यानं तो मार्ग नव्हता. जुनं वावर लागलं म्हणजे तिथवरचा सगळा गाळ धरणाच्या आयुष्यातला, इतकं सरळ. मधले थर वर्षावर्षानं मोजायचा मोह टाळला. तडकलेल्या भेगांत पुढच्या वर्षांचा गाळ खाली उतरलेला असतो.

काय निघालं

नदी जिथं जलाशयात शिरते त्या शेपटाकडे गाळ भरड, वाळू आणि मुरूम मिसळलेला. मध्ये बारीक होत जातो, आणि भिंतीजवळ निम्म्याहून जास्त चिकणमाती. गणित साधं आहे, जड कण आधी बसतात. शेतकऱ्यांच्या बैठकीत तिन्ही जागांच्या नळ्या शेजारी ठेवल्या तेव्हा बोलायची फारशी गरजच पडली नाही. ज्यांची जमीन बरड, मुरमाड, त्यांना चिकण गाळाचा पातळ थर उपयोगाचा. पाणी धरून ठेवायला मदत होईल. ज्यांची आधीच भारी काळी, त्यांनी तोच गाळ टाकला तर पावसाळ्यात पाणी साचेल. त्यांच्यासाठी शेपटाकडचा भरड गाळ बरा. मधला गाळ पंपानं उपसायची एक कल्पना पुढे आली होती. तो वाळवायला जागा कुठं आणि डिझेल कुणाचं, या दोन प्रश्नांवर ती मागे पडली.

नळयोजनेचं उत्तर जास्त रंजक निघालं. फेब्रुवारीत, पाणी थंड आणि वरपासून खालपर्यंत मिसळलेलं असताना, भिंतीजवळच्या चांगल्या नळ्यांत तपकिरी थर स्पष्ट होता. एप्रिलच्या शेवटी त्याच भागात घेतलेल्या नळ्यांत तो नव्हताच. गाळ थेट वरपर्यंत काळा, बूच काढताच सडक्या अंड्याचा मंद वास, आणि गाळाला टेकलेल्या पाण्यात फॉस्फेट वाढलेलं. जबड्याच्या बादलीनं तुलनेसाठी घेतलेले नमुने दोन्ही वेळी सारखेच दिसले: काळसर, कालवलेला चिखल. त्यांच्यावर विसंबलो असतो तर तळाशी काही बदलतच नाही असा निष्कर्ष निघाला असता.

हाच गाळ इथं अडला नसता तर पांझरा नदीतून मुडावदला तापीत, तिथून १९७२ च्या उकाई धरणात आणि काही अंश सुरतेपुढे खंबातच्या आखातात गेला असता. तिथंही तो तळाशी बसला की हाच प्रश्न, पण आखातात भरती-ओहोटीची उंची दहा मीटरच्या घरात आणि पाणी सतत ढवळलेलं, त्यामुळे असा शांत थर मिळणं अवघड. आमचे मालवणचे पाहुणे हे ऐकून म्हणाले की खंबातला बोलावलंत तर येणार नाही, साक्रीला पुन्हा येऊ.

नळयोजनेला दिलेल्या टिपणात एकच शिफारस आहे. पाणी उचलायच्या विहिरीला दोन तोंडं आहेत, एक वर आणि एक तळाजवळ. मार्चअखेरीपासून पाऊस पडेपर्यंत खालचं तोंड बंद ठेवून वरच्यानं पाणी घ्यावं. शेवाळ वर तरंगतं, म्हणून अगदी पृष्ठभागालगतचंही नको, मीटर-दीड मीटर खालचं. वरच्या तोंडाचं दार गंजून अडकलेलं आहे, कधी उघडलं होतं हे चौकीदारालाही आठवत नाही. ते सोडवायचं अंदाजपत्रक तयार झालंय, आणि दार पाण्याखालून तपासायला पाणबुड्या लागेल अशी ओळ त्यात घालून घेतली आहे. त्या वेळीही कुलपाची किल्ली होडीतच राहील, हे लेखी घेतलंय.